सज्जनाचा कट : ‘ज्युलियस सीझर’ वाचण्याआधी

‘ज्युलियस सीझर’ हे नाटक वाचण्याआधीच आपल्याला ठाऊक असतं, आणि तीच त्याची मोठी अडचण आहे. सीझरला भर सभेत भोसकलं, भोसकणाऱ्यांत त्याचा लाडका ब्रूटस होता, मग अँटनीने भाषण ठोकून लोकांची माथी भडकवली, एवढं शाळेपासून कानावर पडलेलं असतं. ते भाषण स्नेहसंमेलनात कुणीतरी चादर पांघरून म्हणून दाखवलेलंही असतं. त्यामुळे आपण पुस्तक उघडतो ते दगाबाजीची गोष्ट वाचायला. गोष्ट दगाबाजीची आहेच. पण दगाबाज कोण, हे ठरवूनच वाचायला बसलं तर या नाटकातला सगळ्यात मोलाचा भाग हातून निसटतो.

राजकीय खून म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे शनिवारवाडा उभा राहतो. 30 ऑगस्ट 1773 रोजी गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारलं. पुढे खाडिलकरांनी त्यावर ‘भाऊबंदकी’ हे नाटक लिहिलं. त्या प्रकरणात कुणाला काय हवं होतं हे समजावून सांगावं लागत नाही. गादी हवी होती. रोममधल्या या खुनाचा तसा उलगडा होत नाही. ब्रूटसला सीझरच्या जागी बसायचं नाही. सीझरने त्याचं काही वाकडं केलेलं नाही, उलट उपकारच केलेत. इ.स.पू. 48 मध्ये फार्सेलसच्या लढाईत ब्रूटस सीझरविरुद्ध, त्याचा प्रतिस्पर्धी पॉम्पी याच्या बाजूने लढला होता. जिंकल्यावर सीझरने त्याला माफ केलं, पदं दिली, जवळ केलं. ब्रूटस वाचणारा आहे, तत्त्वज्ञान मानणारा आहे, नोकराला झोपेतून उठवतानाही ज्याला वाईट वाटतं असा मालक आहे. असा माणूस मित्राच्या अंगात खंजीर खुपसायला कसा तयार होतो, हा या नाटकाचा प्रश्न आहे. सीझर चांगला की वाईट, हा प्रश्न त्याच्या मागून येतो.

वाचायला रोमचा इतिहास थोडासा लागतो, फार नाही. परंपरा सांगते की इ.स.पू. 509 मध्ये रोमने टार्क्विन या जुलमी राजाला हाकललं. त्यात पुढाकार होता ल्युशियस ज्यूनियस ब्रूटस याचा, म्हणजे आपला ब्रूटस ज्याचा वंशज म्हणवतो त्याचा. तेव्हापासून राजा हा प्रकारच रोमने मोडीत काढला. दर वर्षी दोन कॉन्सल निवडायचे, दोघांनी एकमेकांवर नजर ठेवायची, वर्ष सरलं की पायउतार व्हायचं. इ.स.पू. पहिल्या शतकात यादवी युद्धांनी ही घडी विसकटली होती. गॉल जिंकून आलेल्या सीझरने आधी पॉम्पीला आणि नंतर पॉम्पीच्या मुलांना हरवलं, आणि इ.स.पू. 44 च्या फेब्रुवारीत तो तहहयात डिक्टेटर झाला. 15 मार्चला त्याचा खून झाला. कटात साठाहून अधिक माणसं होती असं सुएटोनियस लिहितो. शेक्सपिअरने आठांत भागवलं.

आता दुसऱ्या अंकाचा पहिला प्रवेश. रात्र आहे, ब्रूटस आपल्या बागेत एकटा आहे, आणि तो बोलायला लागतो तो थेट निकालापासून: सीझरला मरावं लागेल. कारणं तो त्यानंतर शोधतो. न्यायाधीशाने आधी फाशी लिहावी आणि मग साक्षीपुरावा मागवावा, असा हा कारभार आहे. साक्षी तर आरोपीच्याच बाजूने निघतात. माझं सीझरशी वैयक्तिक भांडण नाही, हे तो स्वतःच म्हणतो. सीझरच्या भावना त्याच्या विवेकावर स्वार झाल्याचं मी कधी पाहिलेलं नाही, हेही कबूल करतो. मग उरतं काय? उद्या मुकुट डोक्यावर आला तर तो बदलेल, ही शक्यता. आज तो जसा आहे त्यावर आरोप टिकत नाही, तेव्हा आरोपाची मांडणीच वेगळी करायला हवी, इतकं स्वच्छ तो बोलतो आणि सापाच्या अंड्याची उपमा हाताशी धरून स्वतःचं समाधान करून घेतो. अंडं फुटण्याआधीच ठेचावं. ऐकायला पटतं. फक्त ते अंडं सापाचंच आहे हे कशावरून, एवढंच त्याने कुठे सिद्ध केलेलं नसतं.

लगेच नोकर एक चिठ्ठी आणून देतो, खिडकीपाशी सापडलेली. रोमच्या नागरिकाने लिहावी तशी ती आहे: ब्रूटस, झोपला आहेस, जागा हो, असा तिचा सूर. वाचकाला ठाऊक असतं की अशा चिठ्ठ्या कटाच्या सूत्रधाराने, कॅशियसने, वेगवेगळ्या हस्ताक्षरांत लिहून टाकवल्या आहेत. शेक्सपिअरने या नाटकाची सामग्री प्लुटार्कच्या चरित्रांतून घेतली. हा ग्रीक लेखक त्याला मिळाला तो टॉमस नॉर्थच्या 1579 च्या इंग्रजी भाषांतरातून, आणि नॉर्थने ते केलं जाक आमियोच्या फ्रेंचवरून. प्लुटार्कच्या ब्रूटस-चरित्रात या चिठ्ठ्या खरोखरच लोकांनी लिहिलेल्या आहेत. त्या बनावट करण्याची कल्पना शेक्सपिअरची. लोकांची हाक म्हणून ब्रूटस ज्यावर विसंबतो ती हाक एका माणसाने घरात बसून तयार केलेली आहे. त्याहून भेदक गोष्ट पुढे आहे. चिठ्ठीतलं एक वाक्य अर्धवट सोडलेलं आहे, आणि पुढचा मजकूर ब्रूटस स्वतःच्या मनाने भरतो. कॅशियसला वाक्य पुरं करायची गरजच नव्हती. सबंध नाटकात मला याहून भीतीदायक जागा दिसत नाही, प्रत्यक्ष खुनाचा प्रवेश धरूनही.

सीझरबद्दल आपल्याला पक्कं काही कळू नये याची लेखकाने फार काळजी घेतली आहे. लुपरकालियाच्या उत्सवात अँटनीने त्याला तीनदा मुकुट देऊ केला आणि त्याने तीनदा नाकारला. ही या प्रकरणातली कळीची घटना, पण ती रंगमंचावर घडतच नाही. आपल्याला पडद्याआडून जल्लोष ऐकू येतो. मग पुढे कटात सामील होणारा कॅस्का येऊन, तोंड वाकडं करत, गद्यात हकीकत सांगतो: दुसऱ्यांदा नाकारताना सीझरची बोटं मुकुटावर जरा जास्तच रेंगाळत होती. खरं होतं की कॅस्काच्या डोळ्यांतला विखार? तपासायला मार्ग नाही. सीझरच्या एका कानाला ऐकू येत नाही हा तपशीलही शेक्सपिअरचाच. इतिहासात फेफरं आहे, बहिरेपण नाही. खुनाच्या दिवशी आर्टेमिडोरस कटाची सगळी नावं लिहिलेला कागद त्याच्यापुढे धरतो. प्लुटार्कचा सीझर तो कागद घेतो, पण गर्दीत त्याला वाचायला फुरसत मिळत नाही. शेक्सपिअरचा सीझर म्हणतो, ज्यात माझं स्वतःचं हित आहे ते सगळ्यात शेवटी पाहू. हा मोठेपणा की मोठेपणाचा देखावा? तुम्ही पहिल्यांदा वाचाल तेव्हा एक उत्तर द्याल आणि दुसऱ्यांदा बहुधा वेगळं. आपण ध्रुवताऱ्यासारखे अढळ आहोत असं तो सांगतो आणि दुसऱ्या क्षणाला त्याच्यावर वार होतात. मात्र त्याच सकाळी बायकोच्या स्वप्नाने घरी राहायचं ठरवणारा आणि कटातल्या डेशियसने स्वप्नाचा गोड अर्थ लावताच निघणारा सीझरही आपण पाहिलेला असतो.

हा सीझर तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीलाच मरतो. त्याच्या वाट्याला दीडशेच्या आसपास ओळी आहेत, ब्रूटसच्या वाट्याला सातशेहून अधिक. नाव एकाचं आणि नाटक दुसऱ्याचं, अशी तक्रार फार जुनी आहे. ती मला पटत नाही. शेवटच्या लढाईत कॅशियस आणि ब्रूटस दोघेही मरताना सीझरचंच नाव घेतात. एका माणसाला संपवल्याने तो संपत नाही हे कटवाल्यांना तेव्हा कळलेलं असतं. नाव योग्य आहे.

कॅशियसकडे नीट लक्ष द्या. शाळेतल्या टिपणांत तो कपटी खलनायक असतो, आणि पहिल्या अंकात तो तसा वागतोही. पण पुढचे निर्णय एकेक करून पाहा. कटाच्या बैठकीत कॅशियस म्हणतो, शपथ घेऊ. ब्रूटस म्हणतो, सच्च्या रोमनला शपथ कशाला. सिसेरोला सामील करून घ्यावं असं निघतं. ब्रूटस नको म्हणतो. अँटनीलाही संपवावं, कॅशियस सांगतो. ब्रूटस म्हणतो, आपण बळी अर्पण करणारे आहोत, खाटीक नाही. अँटनीला अंत्यविधीत बोलू देऊ नकोस, कॅशियस बाजूला घेऊन विनवतो. ब्रूटस परवानगी देतो. युद्धात कॅशियसला जागेवर थांबून शत्रूला दमवायचं असतं. ब्रूटस फिलिपायवर चालून जायचा आग्रह धरतो. प्रत्येक वेळी व्यवहार कॅशियसला कळतो, आणि प्रत्येक वेळी तोच माघार घेतो, कारण समोरच्या माणसाची नैतिक उंची त्याला गप्प करते. त्याने ब्रूटसला कटात ओढलं ते याच उंचीसाठी. तिने कटाला अब्रू दिली आणि कट बुडवला. ब्रूटस वाईट असता तर कदाचित जिंकला असता, हे या नाटकाचं कडू गणित आहे.

ती दोन भाषणं आता. ब्रूटस गद्यात बोलतो. मुद्देसूद, तोललेलं, थोडं कोरडं. सीझरवर माझं प्रेम होतं, रोमवर जास्त होतं, असा त्याचा युक्तिवाद. लोकांना तो पटतो आणि ते ओरडतात की ब्रूटसलाच सीझर करा! ज्या गोष्टीपायी रक्त सांडलं तीच गोष्ट लोक त्याला बक्षीस म्हणून देऊ करताहेत, आणि ब्रूटसच्या ते ध्यानातही येत नाही. तो लोकांना अँटनीचं ऐकून घ्या असं सांगून चक्क निघून जातो. राजकारणात इतका भाबडा माणूस फार काळ टिकत नाही.

अँटनी पद्यात बोलतो, आणि इथे कान उघडे ठेवा. तो कटवाल्यांना पुन्हा पुन्हा सन्माननीय म्हणतो, इतक्या वेळा की त्या विशेषणाला कीड लागते. मृत्युपत्राचा कागद दाखवतो, वाचणार नाही म्हणतो, लोकांना मागायला लावतो, मग प्रेताभोवती जमा करतो. सीझरचा झगा उचलून सांगतो की हा त्याने प्रथम अंगावर घातला ती संध्याकाळ मला आठवते, नर्व्हींना जिंकलं तो दिवस. नर्व्हींवरचा तो विजय इ.स.पू. 57 मधला, खरा अँटनी तेव्हा गॉलमध्ये नव्हताच, पूर्वेकडे होता. पुढे तो झग्यावरचं एकेक भोक दाखवतो: हे कॅशियसचं, हे कॅस्काचं, हे लाडक्या ब्रूटसचं. नाटकात तर कटातल्या ट्रेबोनियसने त्याला खुनाआधीच बाहेर नेलेलं असतं. त्याने एकही वार पाहिलेला नाही. लोकांपैकी कुणीही त्याला हे विचारत नाही. वाचकही बहुतेकदा विचारत नाहीत, कारण तोवर आपणही त्या गर्दीत उभे असतो.

त्यानंतरच्या दोन छोट्या प्रवेशांवरून घाईने पुढे जाऊ नका. पहिल्यात जमाव सिन्ना नावाच्या कवीला गाठतो. कटात त्याच नावाचा दुसरा माणूस होता. प्लुटार्ककडे हा कवी नामसाधर्म्याने, चुकून मारला जातो. शेक्सपिअरकडे तो ओरडून सांगतो की मी कवी आहे, तो कटवाला नव्हे, आणि जमाव म्हणतो, मग वाईट कवितांसाठी मारा. हा प्रवेश वाचताना आधी हसू येतं. दुसऱ्या प्रवेशात अँटनी आणि त्याचे सत्तेतले भागीदार ऑक्टेव्हियस व लेपिडस कुणाकुणाला मारायचं याची यादी करत बसले आहेत. लेपिडस भावाचं नाव देतो, अँटनी त्या बदल्यात भाच्याच्या नावावर खूण करतो. मग अँटनी लेपिडसला सीझरचं मृत्युपत्र आणायला पाठवतो, कशाला, तर त्यातल्या देणग्यांना कात्री लावता येईल का हे पाहायला. दर नागरिकाला पंचाहत्तर ड्राख्मा, हे त्याने रडत रडत वाचून दाखवलं होतं ते याच मृत्युपत्रातून.

चौथ्या अंकातलं तंबूमधलं भांडण अनेकांना रेंगाळलेलं वाटतं. मला ते नाटकाचं काळीज वाटतं. ब्रूटस कॅशियसवर तुटून पडतो की तू लाच खातोस, आणि लगेच पुढे तक्रार करतो की मी पैसे मागितले तेव्हा तू दिले नाहीस. गरिबांना पिळून पैसा काढणं आपल्याला जमत नाही, असं तो अभिमानाने सांगतो. कॅशियसच्या पिळण्यातून आलेला पैसा मात्र सैन्याच्या पगारासाठी हवा असतो. (सिसेरोच्या पत्रांतला खरा ब्रूटस सायप्रसमधल्या सलामिस शहराला माणसं मध्ये घालून 48 टक्के व्याजाने पैसे देणारा आहे. शेक्सपिअरने तो तपशील वापरलेला नाही, पण माणूस बरोबर ओळखला.) भांडण शिगेला पोचतं, कॅशियस छाती उघडी करून खंजीर पुढे करतो, आणि मग कळतं की पोर्शिया, ब्रूटसची बायको, वारली आहे. या दोघांची मैत्री इथे पहिल्यांदा खरी दिसते.

हे नाटक रंगमंचावर आलं तेव्हा 1599 साल होतं. इंग्लंडची राणी एलिझाबेथ साठी ओलांडून पुढे गेलेली, मूलबाळ नाही, गादीवर पुढे कोण हे उघड बोलणं धोक्याचं. त्याच वर्षी जूनमध्ये उपहासात्मक पुस्तकं लंडनमध्ये जाहीरपणे जाळली गेली. अशा शहरात सत्ताधीशाचा खून रंगमंचावर दाखवायचा तर रोम सोयीचं होतं. आपल्याकडे ‘कीचकवधा’तून कर्झनशाहीवर बोट ठेवणाऱ्या खाडिलकरांनी महाभारताचा आडोसा घेतला तो याच कारणाने, त्यांच्या नाटकावर सरकारने बंदी घातली, शेक्सपिअरचं निभावलं. 21 सप्टेंबर 1599 रोजी टॉमस प्लाटर या स्विस प्रवाशाने लंडनमध्ये सीझरचं नाटक पाहिल्याची नोंद ठेवली आहे, आणि खेळ संपल्यावर नटांनी झकास नाच केला हेही त्याने आवर्जून लिहिलं आहे. छापील रूपात नाटक आलं ते 1623 च्या फोलिओत, लेखकाच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी.

तारखा ताडून पाहायला जाणाऱ्यांची गडबड होईल म्हणून सांगतो: सीझरची विजययात्रा आणि लुपरकालिया यांत प्रत्यक्षात चार महिन्यांचं अंतर होतं, नाटकात दोन्ही एकाच दिवशी आहेत. फिलिपायच्या दोन लढाया जवळपास तीन आठवड्यांच्या अंतराने झाल्या, इथे एका दिवसात उरकतात. खून पॉम्पीने बांधलेल्या सभागृहात झाला, नाटकात कॅपिटॉलमध्ये होतो. रोममध्ये घड्याळाचे टोलेही पडतात. यातलं काहीही मनाला लावून घेऊ नये.

नाटकाचा निकाल काय, यावर लोकांचं कधी एकमत झालं नाही. शेक्सपिअरच्या कितीतरी आधी दान्तेने ब्रूटस आणि कॅशियसला नरकाच्या तळाशी, जुडासच्या जोडीला बसवलं होतं. प्रजासत्ताकाचे भक्त त्याच ब्रूटसला पूजत आले. 25 नोव्हेंबर 1864 रोजी न्यूयॉर्कमध्ये बूथ घराण्यातल्या तीन नट भावांनी मिळून हे नाटक केलं. त्यातला धाकटा, जॉन विल्क्स, अँटनी झाला होता. पाच महिन्यांच्या आत त्याने अब्राहम लिंकनला गोळी घातली, आणि पळत असताना रोजनिशीत लिहिलं की ब्रूटसला ज्यासाठी मान मिळाला त्यासाठी माझा पाठलाग होतोय. 1937 मध्ये ऑर्सन वेल्सने न्यूयॉर्कमध्येच सीझरला फॅसिस्ट गणवेशात उभं केलं. तेव्हा प्रेक्षकांना हादरवून गेला तो कवी सिन्नाचा प्रवेश.

आणि रॉबेन बेट. दक्षिण आफ्रिकेच्या त्या तुरुंगात सनी वेंकटरत्नम या भारतीय वंशाच्या राजबंद्याने शेक्सपिअरच्या समग्र नाटकांची प्रत दिवाळीच्या भेटकार्डांची चित्रं चिकटवून धर्मग्रंथ म्हणून सांभाळली. बरोबरच्या कैद्यांनी आपापल्या आवडत्या ओळींपाशी सह्या केल्या. नेल्सन मंडेलांची सही 16 डिसेंबर 1977 ची आहे आणि ती ‘ज्युलियस सीझर’च्या दुसऱ्या अंकात आहे, मृत्यूला न भिण्याविषयी सीझर बोलतो त्या ओळींपाशी. स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेलेल्या माणसाने ब्रूटसच्या नव्हे, हुकूमशहाच्या ओळी निवडल्या. हे नाटक कोणत्या बाजूचं आहे असं विचारणाऱ्यांनी याचा विचार करावा.

माझं मत लपवत नाही. ब्रूटस प्रामाणिक आहे आणि दोषी आहे, आणि त्याचा प्रामाणिकपणा त्याचा दोष कमी करत नाही, वाढवतो. कारण त्याला स्वतःला प्रश्न विचारता येत होते आणि त्याने ते निम्म्यावर थांबवले. तुम्हाला हे पटलंच पाहिजे असं नाही.

वाचायचं कसं, एवढं सांगून थांबतो. शेक्सपिअरच्या इतर शोकांतिकांच्या मानाने हे नाटक आटोपशीर आहे आणि भाषाही सोपी. इंग्रजीचा सराव नसेल तर मंगेश पाडगावकरांचा मराठी अनुवाद आहे. पहिल्या वाचनात तळटिपांकडे ढुंकूनही पाहू नका. एकट्याने मनातल्या मनात वाचण्यापेक्षा चार-पाच जण जमवा, कामं वाटून घ्या आणि मोठ्याने वाचा. अँटनीचं काम करायला सगळेच पुढे येतील. ब्रूटसचं काम मात्र तुमच्यातल्या अशा माणसाला द्या, ज्याचं म्हणणं नेहमी बरोबर असतं असं सगळे मानतात.